सव्वाचार इंचांचा वाद

गोल्फचा चेंडू २००-३०० यार्ड उडवून झाला की शेवटी तो एका बारीक कापलेल्या हिरवळीवर येतो. हिला ग्रीन म्हणतात. इथे चेंडू उडवायचा नसतो. जमिनीलगत घरंगळवत सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात घालायचा असतो. हा फटका म्हणजे पट, आणि त्यासाठीची सपाट तोंडाची काठी म्हणजे पटर. गोट्या खेळताना गलीत गोटी घालणाऱ्या पोराला जी नजर लागते तीच इथे लागते, फक्त इथली जमीन मुद्दाम उतरती ठेवलेली असते. ७२ फटक्यांचा कोर्स आखताना प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. म्हणजे हिशेबाने ३६ फटके, निम्मा खेळ, या एका काठीचा. त्याला ताकद लागत नाही, वय फारसे आड येत नाही. म्हणूनच पट कसा मारावा याबद्दल घरबसल्या सामना पाहणाऱ्या गोल्फप्रेमीलाही ठाम मत असते. नियम करणाऱ्यांनीही खेळाडूच्या अंगाला हात घातला तो मुख्यतः इथेच. उभे कसे राहायचे, काठी छातीला टेकवायची की नाही, दांडा काठीच्या डोक्यात कुठे बसवायचा, या साऱ्या बंद्यांचे मूळ पटिंगमध्ये सापडते.

सुरुवातीला ग्रीन नावाची वेगळी जागाच नव्हती. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा, आखूड गवताचा पट्टा असतो. त्याला लिंक्स म्हणतात. नांगराच्या उपयोगाची नसलेली ही जमीन खेळाला मिळाली. १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या काळात स्कॉटिश संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून त्यात रमत होते. गवत कापण्याचे काम मेंढ्या आणि ससे करत. ‘ग्रीन’ हा शब्द तेव्हा सबंध मैदानाला लावत. मैदानाची निगा राखणारा आजही ग्रीनकीपर म्हणवतो तो त्यामुळेच.

१७४४ मध्ये एडिनबरा शहराने चांदीची काठी बक्षीस ठेवली. तिच्या स्पर्धेसाठी लीथच्या गोल्फरांनी १३ नियम लिहून काढले. त्यातला पहिलाच नियम असा की पुढच्या भोकाकडचा पहिला फटका आधीच्या भोकापासून एका काठीच्या अंतराच्या आतून मारायचा. म्हणजे एक गट जिथे अलगद पट करणार, तिथेच आधीचा गट पाय रोवून जोरदार फटके मारून गेलेला. चेंडू थोडा उंच ठेवायला ओल्या वाळूची चिमूट लागे, आणि काठ्या वाहणारे कॅडी ती भोकातच हात घालून काढत. दिवस चढेल तसे भोक खोल होई, कडा ढासळत, आणि संध्याकाळी खेळणाऱ्याला कोपरापर्यंत हात घालून चेंडू शोधावा लागे. अशा जागी पटिंगची शैली वगैरे बोलणे फजूल होते. लांब चोचीच्या लाकडी पटरने, मनगटाला झटका देत, चेंडू खाचखळग्यांवरून कसाबसा पुढे ढकलायचा एवढेच खेळाडूच्या हाती होते.

हे बदलले ते माळ्याच्या कामामुळे. एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत ते यंत्र गोल्फच्या मैदानांवर पोहोचले. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १८६०च्या दशकात देखभालीची जबाबदारी टॉम मॉरिस याच्याकडे आली. ब्रिटनची ओपन स्पर्धा चार वेळा जिंकलेला हा खेळाडू मनाने अस्सल माळी होता. वाळूची ढकलगाडी एका ग्रीनवर चुकून उलटली, काही दिवसांनी नेमके तिथलेच गवत तरारून आले आणि मॉरिसला वाळूचे मर्म कळले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ग्रीनवर नियमाने वाळू पसरण्याची रीत त्याने रूढ केली आणि ती जगभर आजही चालू आहे. भोकाचे मापही असेच योगायोगाने ठरले. मसलबरा इथे १८२९ पासून भोक पाडण्याचे एक लोखंडी अवजार होते आणि त्याचा व्यास सव्वाचार इंच भरे. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १८९१ मध्ये तेच माप सर्वांसाठी पक्के केले. पाच इंच असते तर खेळ सोपा झाला असता आणि चार असते तर छळ, असे पुढे अनेकांनी लिहिले. त्या काळी मात्र हाताशी असलेल्या नळीपलीकडे कुणी विचार केल्याचे दिसत नाही.

त्या काळच्या पटिंगमध्ये ‘स्टायमी’ नावाचा एक प्रकार होता. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपला चेंडू आणि भोक यांच्यामध्ये पडला, तर तो उचलून बाजूला ठेवायला सांगता येत नसे. दोन चेंडूंमध्ये सहा इंचांपेक्षा कमी अंतर असेल तरच तो उचलायचा. म्हणून स्कोअरकार्ड सहा इंच रुंदीचे छापले जाई आणि वाद झाला की तेच पट्टीसारखे जमिनीवर धरत. कॅरममध्ये राणीच्या वाटेत सोंगटी आडवी पडावी तसा हा प्रकार. चेंडू वरून उडवायचा किंवा वळसा घालून न्यायचा, एवढेच उपाय. जुन्या लोकांना यात खेळाची खुमारी वाटे, नव्यांना निव्वळ अन्याय. १९३० मध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेच्या चौथ्या फेरीत बॉबी जोन्स आणि सिरिल टॉली यांची १८ भोकांनंतरही बरोबरी होती. १९व्या भोकावर जोन्सचा चेंडू टॉलीच्या वाटेत येऊन थांबला आणि सामना तिथेच संपला. जोन्सने त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकून इतिहास घडवला. त्या इतिहासाचा एक पाय या स्टायमीवर उभा आहे.

मुंबईचा या सेंट अँड्र्यूजशी एक जुना धागा आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कलकत्त्याचा, १८२९चा. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला आणि त्याच दशकात मुंबईच्या गोल्फरांनी सेंट अँड्र्यूजच्या क्लबला रौप्यपदक भेट दिले. ‘बॉम्बे मेडल’ या नावाने ते तिथे आजही ओळखले जाते. भारतात खरी अडचण गवताची होती. उन्हाळ्यात पाणी नसलेल्या छावण्यांच्या गावी गवताचे ग्रीन टिकवणे शक्य नव्हते. तिथे ‘ब्राउन’ करत: गोल तुकडा सपाट करून त्यावर तेल मिसळलेल्या वाळूचा थर. खेळून झाल्यावर पावलांचे ठसे पुसायला दांडीला बांधलेले गोणपाट किंवा फळी ओढायची. ब्राउनवर चेंडू जवळजवळ सरळ जातो, उताराचा त्रास कमी. त्यामुळे ब्राउनवर तयार झालेला हात गवतावर गेला की गोंधळतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट क्रमांक २ या नामांकित कोर्सचे ग्रीनही १९३५ पर्यंत वाळूचेच होते.

पटिंग ही वेगळी विद्या आहे, तिचा वेगळा अभ्यास करावा, हे ठासून सांगणारा पहिला मोठा व्यावसायिक म्हणजे मसलबराचा विली पार्क धाकटा. त्याच्या वडिलांनी १८६० ची पहिली ओपन जिंकली होती, त्याने स्वतः १८८७ आणि १८८९ मध्ये जिंकली. लांब फटका त्याचा बेभरवशाचा. सगळी मदार पटरवर. मानेजवळ वाकवलेला पटर त्याने बाजारात आणला आणि १९२० मध्ये निव्वळ पटिंगवर पुस्तक काढले.

तोवर पहिले मोठे भांडण होऊन गेले होते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी या गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचा अभियंता होता. त्याने ॲल्युमिनियमचे जाडसर डोके असलेला पटर बनवला आणि दांडा टोकाला न बसवता जवळजवळ मध्यात बसवला. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी वॉल्टर ट्रॅव्हिस इंग्लंडमध्ये सँडविचला ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा खेळायला गेला. जन्माने ऑस्ट्रेलियन, राहणारा अमेरिकेत, वय ४२. गोल्फची काठी हातात धरली तीच पस्तिशीत. सरावात त्याचे पट बसेनात, तेव्हा मित्राच्या सांगण्यावरून त्याने स्केनेक्टडी पटर घेतला. अंतिम सामन्यात समोर एडवर्ड ब्लॅकवेल होता, त्या काळचा सर्वांत लांब फटका मारणाऱ्यांपैकी एक. तोंडात काळा चिरूट धरलेला ट्रॅव्हिस प्रत्येक भोकावर दुसऱ्या फटक्यापर्यंत मागेच असे, आणि मग दुरून पट घालून मोकळा होई. तीन भोके शिल्लक असतानाच त्याने सामना खिशात टाकला. ही स्पर्धा परदेशी गेलेली पहिल्यांदाच. यजमानांनी पाहुण्याला नीट वागवले नाही अशी ट्रॅव्हिसची तक्रार होती, आणि प्रेक्षकांनी बक्षिसापेक्षा त्याच्या काठीकडेच जास्त बोट दाखवले.

बंदी लगेच आली नाही, आणि आली तीही आडवाटेने. न्यूझीलंडमधल्या न्गा मोटू क्लबने विचारणा केली की क्रोके या खेळातला हातोडा घेऊन पट करता येईल का. १९१० मध्ये रॉयल अँड एन्शंटने उत्तर दिले की हातोड्याच्या जातीची काठी चालणार नाही. त्या उत्तराच्या कक्षेत मध्ये दांडा असलेले पटरही आले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, हे मानायला नकार दिला. परिणामी पुढची चार दशके एकच पटर अटलांटिकच्या एका काठावर कायदेशीर आणि दुसऱ्या काठावर बेकायदा राहिला. सँडविचच्या पराभवाचा राग हे या बंदीचे एकमेव कारण म्हणता येणार नाही, पण सहा वर्षे तो राग धुमसत होता हे नाकारणेही अवघड आहे. १९५१ मध्ये दोन्ही संस्था एकत्र बसल्या आणि १९५२ पासून एकच नियमावली लागू झाली. तिने मध्ये दांडा असलेल्या पटरला परवानगी दिली आणि स्टायमीला मात्र रजा दिली.

काठीचे भांडण मिटले तरी हातांचे चालूच होते. जुन्या, संथ ग्रीनवर चेंडूला ठोसा द्यावा लागे, म्हणून बहुतेक जण मनगटाने पट करत. त्या चौकटीत ज्याने त्याने आपापली सोय पाहिली. लिओ डीगल दोन्ही कोपरे बाहेर काढून, हात जमिनीला जवळजवळ समांतर ठेवून वाकत असे. त्या विचित्र पवित्र्यात त्याने १९२८ आणि १९२९ ची पीजीए ही मोठी स्पर्धा जिंकली. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक पट मारतानाही चेंडू उजवीकडून डावीकडे आणतो असे पाहणाऱ्यांना वाटे; जुना, लाकडी दांड्याचा पटर घेऊन त्याने चार ओपन जिंकल्या. अर्नोल्ड पामर गुडघे एकमेकांना टेकवून खिळल्यासारखा उभा राही. बिली कॅस्परने १९५९ च्या यूएस ओपनमध्ये चार दिवसांत फक्त ११४ पट केले आणि ३१ ग्रीनवर एकाच पटात काम उरकले, तेही मनगटाच्या छोट्या झटक्याने. जपानचा इसाओ आओकी हात इतके खाली धरी की पटरचे टोक हवेत वर उचललेले दिसे. १९८० च्या यूएस ओपनमध्ये त्याने जॅक निकलसला शेवटपर्यंत झुंजवले. पाठ्यपुस्तकात बसेल असा यांच्यापैकी एकही नाही. यांच्यावर बंदी घाला असेही कुणी म्हटले नाही, कारण काठी दोन हातांनीच फिरत होती.

यानंतरच्या वादांच्या मुळाशी ‘यिप्स’ आहे. दोन-तीन फुटांचा पट मारताना हात आपोआप थरथरतो किंवा झटका देतो. मन सांगते एक आणि बोटे करतात दुसरेच. हा शब्द रूढ केला टॉमी आर्मरने, ज्याने स्वतः तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. नवशिक्याला यिप्स होत नाही. वर्षानुवर्षे हजारो पट केलेल्या हातालाच तो गाठतो. बेन होगनसारखा खेळाडू उतारवयात चेंडूसमोर नुसता उभा राही आणि पटर मागे नेणे त्याला जमत नसे.

सॅम स्नीडला हा त्रास झाला तेव्हा त्याने सरळ पवित्राच बदलला. १९६६ च्या पीजीए स्पर्धेत, फायरस्टोनच्या कोर्सवर, खेळ चालू असतानाच त्याने चेंडूची रेषा दोन पायांच्या मध्ये घेतली आणि क्रोके खेळावे तसा, भोकाकडे तोंड करून, चेंडू ढकलायला सुरुवात केली. वय ५४. पट बसू लागले. भोकाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहत मारणे हे खरे तर जास्त नैसर्गिक. चेंडू फेकणारे मूलही तसेच उभे राहते. पण गोल्फच्या जाणत्यांना ते पाहवेना, आणि बॉबी जोन्सलाही ते रुचले नाही असे सांगतात. १९६८ पासून पटच्या रेषेवर किंवा रेषेच्या मागच्या विस्तारावर पाय ठेवून उभे राहण्यास मनाई झाली. स्नीडने दोन्ही पाय रेषेच्या एका बाजूला घेतले, तोंड भोकाकडेच ठेवले, आणि १९७४ मध्ये ६२ व्या वर्षी पीजीएमध्ये तिसऱ्या क्रमांकाची बरोबरी साधली. नियम अक्षरशः पाळला गेला आणि हेतू कुठल्या कुठे राहिला. अशी पळवाट पटिंगच्या इतिहासात पुन्हा दिसते.

याच सुमारास काठी बनवण्याच्या धंद्यात कार्स्टन सोल्हाइम शिरला. नॉर्वेत जन्मलेला, जनरल इलेक्ट्रिकमध्येच काम करणारा हा अभियंता स्वतः पटिंगमध्ये कच्चा होता. चेंडू नेमक्या मध्यावर लागला नाही की पटर हातात फिरतो, हे त्याच्या लक्षात आले. त्याने वजन मधून काढून दोन टोकांना वाटले. १९५९ मध्ये गॅरेजमध्ये बनवलेला पहिला पटर चेंडूला लागला की ‘पिंग’ असा आवाज करी, आणि तेच नाव झाले. १९६६ च्या नव्या घडणीला बायकोने ‘आन्सर’ हे नाव सुचवले. काठीवर जागा पुरेना म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गाळून टाकले. आज कुठल्याही दुकानातले सपाट, पातळ पटर पाहिले तर बहुतेक याच घडणीचे वंशज निघतात.

पटर बदलत असताना खालची जमीनही बदलत होती, आणि पद्धतींवर तिचा परिणाम काठीपेक्षा मोठा झाला. १९३५ ची यूएस ओपन पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँटला झाली. चारही दिवस मिळून ३०० च्या आत फक्त विजेता सॅम पार्क्स आला, २९९ फटक्यांत. जीन सॅराझेनचा एक पट ग्रीनवरून घरंगळत थेट वाळूच्या खड्ड्यात गेला. हे पाहणाऱ्या एडवर्ड स्टिम्पसन या मॅसॅच्युसेट्सच्या हौशी खेळाडूला वाटले की ग्रीन फार वेगवान आहे हे नुसते बोलून भागत नाही, मोजता आले पाहिजे. त्याने लाकडाची एक पन्हळ बनवली. पुढे यूएसजीएचा फ्रँक थॉमस याने १९७६ मध्ये तिला ॲल्युमिनियमचे रूप दिले आणि १९७८ पासून ती कोर्सवाल्यांना मिळू लागली.

स्टिम्पमीटर नावाचे हे उपकरण पाहताना कुणालाही ते उपकरण वाटत नाही. तीन फूट लांबीची पन्हळ, एका टोकापासून ३० इंचांवर एक खाच. खाचेत चेंडू ठेवायचा, पन्हळीचे ते टोक हळूहळू उचलत जायचे. साधारण २० अंशांचा कोन झाला की चेंडू आपसूक सुटतो आणि दर वेळी सारख्याच वेगाने ग्रीनवर उतरतो. तो किती फूट गेला ते फितीने मोजायचे. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि सरासरी काढायची. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कोर्सची मोजणी झाली तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास भरली. आज मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत ११ ते १३ हा आकडा नेहमीचा झाला आहे.

एका कोर्सवरचे सगळे ग्रीन सारख्या वेगाचे असावेत, एवढाच या पन्हळीचा उद्देश होता. पण आकडा हाती आला की चढाओढ आलीच. शेजारच्या क्लबचा १० असेल तर आपला ११ हवा. गवत आणखी बारीक कापले गेले, रूळ फिरवले गेले. ऑगस्टा नॅशनल या अमेरिकी क्लबने १९८१ च्या मास्टर्स स्पर्धेपूर्वी बर्म्युडा गवत काढून बेंट गवत लावले. ऑगस्टा आपला आकडा जाहीर करत नाही, त्यामुळे रसिकांच्या गप्पांत तो दर वर्षी फूटभर वाढतो. वेगाची किंमत उताराने मोजली. जुन्या आरेखकांनी सहा-सात फुटांच्या वेगाला शोभतील असे वळणदार ग्रीन आखले होते. १२ च्या वेगाला त्याच उतारावर चेंडू थांबत नाही, म्हणून कित्येक नामांकित ग्रीन खणून सपाट करावे लागले. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉक हिल्सला शेवटच्या दिवशी सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेना, तेव्हा दोन गटांच्या मधल्या वेळात पाणी मारावे लागले. २०१५ च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला वाऱ्याने थांबलेले चेंडू हलू लागले आणि शनिवारी दहा तासांहून जास्त खेळ बंद राहिला. जाणत्या प्रेक्षकांची तक्रार इथे रास्त वाटते: कल्पकतेच्या जागी नुसती भीती आली. मनगटी पटिंगही याच वेगाने संपवले. काचेसारख्या ग्रीनवर झटका परवडत नाही. मनगटे बांधून, खांद्यांचा लंबक करून हलकेच झुलवणे हाच एक मार्ग उरला.

लंबकच करायचा तर त्याचा वरचा खिळा शरीरात का रोवू नये, हा पुढचा विचार ओघानेच आला. लांब पटर छातीला किंवा हनुवटीला टेकवायचा, खालचा हात फक्त झुलवत ठेवायचा. थरथरणाऱ्या मनगटांना कामच उरत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या स्पर्धांत हे दिसू लागले. रॉको मेडिएटने १९९१ मध्ये लांब पटरने पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक मालिकेतली स्पर्धा जिंकली. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरची कहाणी यात सर्वांत बोलकी. त्याला तरुणपणापासून यिप्सने पुनःपुन्हा गाठले. १९९१ च्या रायडर कप या युरोप-अमेरिका लढतीत कियावा आयलंडला सगळ्या सामन्यांचा निकाल त्याच्या सुमारे सहा फुटांच्या एका पटवर येऊन ठेपला आणि तो चुकला. लगेच पुढच्या आठवड्यात त्याने जर्मनीतली स्पर्धा जिंकली. पटरचा दांडा डाव्या हाताच्या पुढच्या भागाला उजव्या हाताने आवळून धरायचा, अशी अजब पकड त्याने काढली होती. तीच घेऊन १९९३ ची मास्टर्स त्याने जिंकली आणि नंतर तो लांब पटरकडे वळला.

म्हाताऱ्यांची कुबडी म्हणून हे सगळे खपून गेले. खळबळ उडाली ती तरुणांनी कुबडी उचलल्यावर. कीगन ब्रॅडलीने २०११ ची पीजीए पोटाला टेकवलेल्या पटरने जिंकली. मोठ्या स्पर्धेत असे प्रथमच घडले. २०१२ मध्ये वेब सिम्पसनने यूएस ओपन आणि एर्नी एल्सने ओपन तशाच जिंकल्या. पीजीए टूरवर असे पटर वापरणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये ११ टक्के आणि पुढच्या वर्षी १५ टक्के झाले. २८ नोव्हेंबर २०१२ रोजी दोन्ही संस्थांनी बंदीचा मसुदा मांडला आणि ९० दिवस लोकांची मते मागवली. पीजीए टूरने विरोध नोंदवला. मसुद्यावर चर्चा चालू असतानाच ॲडम स्कॉट २०१३ ची मास्टर्स जिंकून ऑस्ट्रेलियाचा पहिला मास्टर्स विजेता ठरला, तोही छातीजवळच्या लांब पटरने. मे २०१३ मध्ये नियम पक्का झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

रसिकांचे दोन तट पडले. एकांचे म्हणणे, हात कापत असताना पट घालणे हीच परीक्षा आहे. खिळा रोवला की परीक्षा संपते. दुसऱ्यांचे म्हणणे, टायटॅनियमचे ड्रायव्हर आणि दूर जाणारे चेंडू चालतात आणि आजारी मनगटाचा आधार मात्र चालत नाही, हा कुठला न्याय? पोटाला टेकवलेल्या काठीने पट जास्त बसतात याचा पुरावा संस्थांनी पुढे केला नाही. काठी मोकळी फिरली पाहिजे, एवढेच त्यांनी फटक्याच्या व्याख्येवरून सांगितले, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मुद्दा भक्कम होता. पण दांडा हाताच्या पुढच्या भागाला चिकटवण्यास, म्हणजे लँगरच्याच जुन्या युक्तीच्या सुधारित रूपाला, परवानगी राहिली. ब्रायसन डिशँबोने २०२० ची यूएस ओपन याच पद्धतीने जिंकली. छाती वर्ज्य आणि हात चालतो, यातला फरक सामान्य प्रेक्षकाला समजावून सांगणे आजही कठीण जाते.

बंदी होती टेकवण्यावर, लांब पटरवर नाही. लँगरने तोच पटर ठेवला आणि हात छातीपासून किंचित दूर धरला. २०१७ मध्ये प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवरची चित्रे थांबवून, सदऱ्याची घडी आणि मूठ यांच्यातली फट मोजायला सुरुवात केली. लँगरने आपण नियम मोडत नसल्याचे निवेदन दिले आणि यूएसजीएने त्याला दुजोरा दिला. कपड्याला ओझरता स्पर्श होणे वेगळे आणि हेतुपुरस्सर टेकवणे वेगळे, असा त्याचा अर्थ. २०२३ मध्ये लुकास ग्लोव्हरने अनेक वर्षांच्या यिप्सनंतर हाच न टेकवलेला लांब पटर घेऊन लागोपाठ दोन आठवड्यांत दोन स्पर्धा जिंकल्या.

जिंकणे-हरणे पटरवरच ठरते, या जुन्या समजालाही याच काळात आकड्यांनी धक्का दिला. कोलंबिया विद्यापीठाचा मार्क ब्रॉडी याने पीजीए टूरच्या फटक्यांच्या नोंदी तपासून प्रत्येक फटक्याचे मोल काढण्याची रीत बसवली. टूरने ती २०११ पासून पटिंगसाठी वापरली. सर्वोत्तम ४० खेळाडू इतरांपेक्षा जितके पुढे असतात, त्यात पटिंगचा वाटा फक्त १५ टक्के निघाला. मात्र एखादी स्पर्धा जिंकणाऱ्याच्या त्या आठवड्यापुरता हाच वाटा ३५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे कारकीर्द लांब फटक्यांवर उभी राहते, पण करंडक हाती येतो त्या आठवड्यात पटर गरम असतो. आठ फुटांवरून टूरचे खेळाडूसुद्धा निम्मेच पट घालतात, हे कळल्यावर तरी चुकलेल्या आठफुट्याला हसणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. छोट्या पटचे दुखणे वेगळेच असते. १९७० च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला डग सँडर्स जेमतेम तीन फुटांच्या पटवर उभा होता. तो पट गेला की विजय त्याचा. त्याने पाय न हलवता वाकून रेषेवरचा एक ठिपका उचलायचा प्रयत्न केला, तो खडा नव्हता, वाळलेले गवत होते. गर्दीत कुणी तरी हसले. पाय मागे घेऊन पुन्हा उभे राहण्याऐवजी त्याने तसाच पट मारला. चेंडू उजवीकडून गेला, आणि दुसऱ्या दिवशी जादा फेरीत निकलस जिंकला.

अलीकडचे नियम हातांपेक्षा डोळ्यांविषयी आहेत. २०१९ पासून झेंड्याची काठी भोकात ठेवूनच पट करता येतो, बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे दुरुस्त करता येतात, आणि कॅडीला खेळाडूच्या मागे उभे राहून नेम धरून देता येत नाही. ग्रीनचा प्रत्येक उतार बाणांनी दाखवणारे खिशातले नकाशे २०२२ पासून मोठ्या टूरवर बंद झाले. उतार ओळखणे हेही कौशल्य आहे, ते छापून मिळू नये, हा त्यामागचा विचार. त्याला फारसा विरोध झाला नाही. उतार तळपायांनी चाचपून बोटांनी नेम धरण्याच्या पद्धतीवर मात्र कुरकुर चालू आहे, मुख्यतः वेळ जातो म्हणून.

२०२५ ची यूएस ओपन पुन्हा ओकमाँटला झाली, स्टिम्पसनला पन्हळ सुचली त्या सामन्यानंतर ९० वर्षांनी. पावसाने भिजलेल्या शेवटच्या ग्रीनवर जे. जे. स्पॉन भोकापासून ६४ फुटांवर होता. साथीदार व्हिक्टर होव्हलँडचा चेंडू त्याच रेषेवर होता, आणि त्याने आधी मारल्यामुळे उतार कसा वळतो ते स्पॉनला दिसून गेले. दोन पटही पुरले असते. एकाच पटात चेंडू आत गेला. त्याच्या हातातला पटर जाड डोक्याचा होता, आणि दांडा टोकाला नव्हे तर डोक्याच्या मध्याजवळ बसवलेला, १९१० मध्ये ब्रिटनमध्ये ज्या बसवणुकीवर बंदी आली तसाच.